जुनं पाकीट आणा

तेल्हाऱ्याच्या सत्यवतीला राग लवकर येत नसे. पण आला की जात नसे.

२०१६ च्या पावसाळ्यात तिच्या बाबांची, सहदेवरावांची, पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, उगवलीच नाही. विचारायला ते भगवंतशेठच्या बियाण्याच्या दुकानी गेले, तर शेठ भर बाजारात हसला. "सहदेवा, तुले पेरता येत नाही अन् माह्या बियाण्याले नावं ठेवून राहिला?" तेव्हापासून बाबा बाजारात फिरकले नाहीत. मिठाची पुडीही शेजाऱ्याकडून मागवत. सत्यवती रोज सांजवात लावताना देवीजवळ एकच मागे, शेठला त्याचेच शब्द ऐकव.

ती अकोल्यात उजैरभाईंच्या कचेरीत होती. दुकानदारांच्या जाहिराती शेतकऱ्यांच्या मोबाइलवर पाठवायच्या, हे तिथलं काम. कुणाला पाठवायची ते संगणक निवडे. पण दर वेळी लाखभर नावं पहिल्यापासून चाळत बसे. फवारणी उरकली की मग औषधाचा मेसेज पोचे.

"यानं तं मले म्हातारं केलं, बाई," उजैरभाई कपाळाला हात लावत.

सत्यवतीनं नावं आधीच वेगळी लावून ठेवायला सुरुवात केली. मेसेज वाचून शेतकऱ्याचा फोन आला की गाव, पीक, दुकान, तक्रार, साऱ्या खुणा त्याच्या नावाला तेव्हाच लागत आणि तो आपल्या गटात जाऊन बसे. मग नुसता गट उचलायचा. अर्ध्या दिवसाचं काम पापणी लवेपर्यंत होऊ लागलं.

पुढच्या जूनमध्ये भगवंतशेठच कचेरीत आला. दुसऱ्या दिवशी त्याच्या नव्या दुकानाचं उद्घाटन होतं. सत्यवतीला त्यानं ओळखलं नाही.

"माह्ये जुने गिऱ्हाईक बोलाव, पोरी. लिही, जुनं पाकीट आणा, भेट घेऊन जा."

"सारेच बोलावू, का नक्की येतील असे?"

"येतील असेच! फुकट मेसेज काहून घालवतं?"

तिनं तालुका निवडला, शेठचं बियाणं निवडलं, आणि शेवटी 'उगवलं नाही' ही खूण. आकडा लगेच समोर आला.

"इतक्यात झालं?" शेठ खूश. "अन् हे सारे येतीन?"

"हे तं वर्षभर वाट पाहून राहिले, शेठ."

त्यानं स्वतःच्या बोटानं बटण दाबलं.

आमच्याकडे पेरणी झाली की रिकामं पाकीट काडीला लावून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, खोचतात, वाण कोणतं ते कळावं म्हणून. ज्यांचं उगवलं नव्हतं, त्यांनी त्या काड्या रागानं वर्षभर तशाच ठेवल्या होत्या. सकाळी लोक काड्यांसकट आले. मांडवापुढं उन्हानं विटलेली पाकिटंच पाकिटं. उद्घाटनाला अमरावतीहून आलेले पाहुणे पाकिटांवरचं शेठच्या बियाण्याचं नाव वाचू लागले, तशी शेठची कात्री फितीवरच थांबली.

सर्वांत पुढं सहदेवराव होते. वर्षानं बाजारात.

"शेठ, आमाले पेरता येत नाही म्हणत होते नं? हे सारे आमच्यातलेच. चला वावरात, शिकवा."

गर्दीनं वाट करून दिली, आणि मागून बंदही केली.

त्या संध्याकाळी सत्यवतीनं सांजवात लावली. काही मागितलं नाही. क्षमासुद्धा नाही.