कुंडीत पुरलेलं कापड

माझी भाची विद्यापीठात संशोधन करते. तिच्या प्रयोगशाळेच्या खिडकीत कुंड्या होत्या. माती ओली, पण रोप एकीतही नव्हतं.

"यात आम्ही कापड पुरतो, मावशी. मक्यापासून केलेलं. पावसात भिजत नाही, पण मातीत कुजायला हवं."

आज पहिली कुंडी उकरायची होती. तिचे सगळे सहकारी भोवती उभे राहिले. भाचीने तुकडा बाहेर काढून माती झटकली. त्याला भोक पडलं होतं. तिने त्यातून बोट आरपार घातलं आणि सगळी प्रयोगशाळा नाचायला लागली.

जन्मभर मी भोकं रफू करत आले. अंगावरच्या माझ्या नायलॉनच्या साडीला तर माती पणतवंडांच्या काळातही पचवू शकणार नाही. म्हटलं, "दे गं इकडे."

मी तुकडा डोळ्याला लावला. भोकातून बाहेरचं आंब्याचं झाड अख्खं दिसत होतं.