धम्मशीलाचा नमुन्याचा गॉगल

बीबी गावाजवळच्या सोलर प्लांटवर धम्मशीला पॅनल धुते. हातात लांब दांड्याचा ब्रश, मागे पाण्याचा पाइप, आणि जिभेला लगाम नाही. सोबत काम करणाऱ्या बायकांनी तिला पुढारी केलं ते त्या जिभेसाठीच.

ओल्या काचेवरचं ऊन थेट डोळ्यांत घुसतं. कंपनीने आधी दिलेले काळे चष्मे घातले की दिवसाढवळ्या अंधार व्हायचा आणि चकाकी मात्र तिथेच. पाखरांची घाण दिसायची नाही, बोलणी बायकांनी खायची. एक दिवस त्यांच्यातल्या सत्यभामाबाई पाइपात पाय अडकून सपशेल आडव्या झाल्या. धम्मशीलाचं डोकं फिरलं. ती तडक सुपरवायझर ऋत्विककडे गेली. मेहकरच्या तिच्या ट्रकवाल्या जावयाकडे पोलराइज्ड गॉगल होता. तो लावून तिने ओला डांबरी रस्ता पाहिलेला, चकाकी गायब.

"आमाले तसाच पाहिजे," ती म्हणाली. "त्यात एक खोट निघाली, तर पुन्हा तुमच्यापुढं तोंड उघडत नाही."

ऋत्विकला हा सौदा भलताच आवडला. त्याने नमुन्याचा एक गॉगल आणला, पाणी उडू नये म्हणून बाजूला झापडं असलेला. दिवसभर घालायचा, संध्याकाळी सांगायचं. चांगला निघाला तर सगळ्यांना मिळेल, नाहीतर काळेच चष्मे.

सकाळी तो घालून तिने पॅनलकडे पाहिलं. चकाकी गेली, उजेड जागेवर. शिंतोडे, धुळीचे ओघळ, कोपऱ्यातली बारीक तड, सगळं दिसत होतं. काचेवरून, पाण्यावरून उसळणारं ऊन ही भिंगं अडवतात आणि बाकीचं पाहू देतात, हे ती मग दिसेल त्याला सांगत सुटली.

दुपारी रांगेच्या टोकाला इन्व्हर्टरच्या स्क्रीनवरचा आकडा बघायला गेली, तर स्क्रीन काळीठिक्कर. गॉगल काढला, आकडा हजर. घातला, गायब. म्हणजे गॉगलात खोट निघाली, सौदा बुडाला. ते झाकायला तिने घाईघाईत ऋत्विकला मशीन बंद पडल्याचं सांगून टाकलं. तो धावत आला, मशीन चालू बघून डोकं खाजवत परत गेला.

तो गेल्यावर तिने वाकून, मान तिरपी करून पाहिलं. आकडा उगवला. सरळ मानेने पाहिलं की ही भिंगं स्क्रीनचाही उजेड अडवत होती.

"काऊन वं, मान काऊन वाकडी करून राह्यली?" मागून सत्यभामाबाई.

तिने खरं सांगून टाकलं. सत्यभामाबाईंनी गॉगल लावला, मान इकडेतिकडे करून पाहिली, हसून हसून खाली बसल्या. म्हणाल्या, बोलू नको, गॉगल तर मिळू दे.

पण उद्या एखादी बाई काळी स्क्रीन बघून मशीन बंद आहे समजली आणि हात घालून बसली, तर? धम्मशीलाला ते पटेना. संध्याकाळी सगळ्यांसमोर तिने सांगितलं, मशीन बंद नव्हती, आपणच चुकलो. स्क्रीन पाहायची असली की गॉगल काढायचा.

ऋत्विकच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. "म्हणजे खोट निघाली, मावशी."

"खोट गॉगलात नाही, तुमच्या स्क्रीनमध्ये हाये. थे बदला."

ऋत्विकने गॉगल डोळ्यांवर चढवला आणि आधी ओल्या पॅनलकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिला. मग स्क्रीनपुढे उभा राहून मान डावीकडे नेली, उजवीकडे नेली. बायका पदरात तोंड लपवून हसू लागल्या.

"सगळ्यांसाठी मागवतो," तो म्हणाला.

"हाव. पण हा तं उतरवा," धम्मशीलाने हात पुढे केला. "सकाळी मले लागते."