आत्याची जागा

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या कबरस्तानात नवऱ्याच्या कबरेशेजारी बायकोची जागा राखून ठेवायची रीत होती. आत्या, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, ऐन तिशीत विधवा झाली, तेव्हापासून तिची जागा तिथं होती. ईस्टरच्या पहाटे सगळे कबरांपाशी उपासनेला जमत. आम्ही गीतं गायचो आणि आत्या त्या मोकळ्या जागेतलं गवत उपटत बसायची. आतोबा मेलेल्यांना उठवणारा शेवटचा कर्णा वाजला तरी कूस बदलून झोपतील, त्यांना उठवायला आपण शेजारी हवं, असं ती अगदी व्यवहारी आवाजात सांगे. आम्ही हसायचो. तिला मात्र त्यात गंमत वाटत नसे. मूलबाळ नव्हतं, खोली भाड्याची. आपली म्हणावी अशी तिला ती जागाच होती.

कोराडीचं वीजघर उभं राहत होतं तेव्हाची गोष्ट. आत्या एका मिशन दवाखान्यात आया होती. बांधकामावरची एक मजूर बाई तिच्या वॉर्डात वारली. दूर पूर्वेकडून आलेली, ख्रिस्ती, पण इथं तिचं कोणीच नव्हतं. वडील कबरस्तान कमिटीचे सेक्रेटरी. जागा फक्त मंडळीच्या सभासदांना, असा नियम होता आणि वडील नियम सोडणाऱ्यातले नव्हते. आत्यानं सगळं ऐकून घेतलं.

"माही जागा तं सभासदाची हाय ना? तिथं ठेवा तिले."

"अन् तू कुठी जाशील, बाई?" वडिलांनी विचारलं.

"मले का आजच जायचं हाय?"

त्या बाईला तिथंच माती दिली, पण वडिलांनी कितीतरी दिवस आत्याशी अबोला धरला. मलाही तिचा राग आला. दया करावी, पण इतकी कशाला, असं वाटलं. खरं सांगायचं तर अजूनही अधूनमधून वाटतं. पुढं दर ईस्टरला आत्या दोन्ही कबरांवर झेंडू ठेवायची आणि उपासना संपेपर्यंत बाजूला उभी राहायची.

काही वर्षांनी ती गेली. तोवर जुनं कबरस्तान भरलं होतं आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला नवं सुरू झालं होतं. चर्चचे पाळकसाहेब स्वतः घरी आले. म्हणाले, त्या मजूर बाईची चौकशी करायला आजवर कोणी आलेलं नाही. तिची हाडं कुंपणाशी हलवू, जागा मूळची तुमच्या बहिणीचीच आहे, कमिटीची हरकत नाही. वडिलांनी हो म्हणावं, असं मला मनापासून वाटत होतं. आत्याच्या पायांशी बसलेल्या वडिलांनी तिच्या अंगावरची चादर नीट केली.

"नाही, साहेब," ते म्हणाले. "पाहुणीले उठवून तिच्या जागेवर बसणाऱ्यातली माही बहीण नव्हती."

संध्याकाळी आम्ही आत्याला नव्या कबरस्तानात नेलं. तिथं आमच्या ओळखीचं कोणीच नव्हतं. माती देऊन परत निघालो, तेव्हा तिच्या आणि आतोबांच्या मधे अख्खं नागपूर होतं, आणि मला त्याचं फार वाईट वाटलं.