पाच इंच, वर अर्धा

माझी मावशी एनिड हॅडक नॉर्दॅम्प्टनमध्ये तीस वर्षं आखूड पायाच्या माणसांचे बूट करत होती. जो पाय आखूड, त्याच्या बुटाच्या तळाला बुचाचा थर. चर्चमध्येसुद्धा ती माणसांच्या तोंडाकडे बघत नसे, टाचा बघायची.

१९७३ सालच्या एका मंगळवारी दुकानात क्लाइव्ह बॅसेट आला. एरवी विमा कचेरीतला कारकून, शनिवारी क्लबात बँडबरोबर पापण्यांना चमकी फासून गाणारा.

"पाच इंच उंच तळाचे चंदेरी बूट हवेत. आधीचे लाकडी होते, दोनदा स्टेजवर आपटलो. आता पडलो तर बँडवाले ड्रमरला गायला लावणार."

"तो गातो?"

"नाही. पण पडत नाही."

मावशीने त्याला अनवाणी उभा केला, कमरेची हाडं चाचपली. "डावा पाय अर्धा इंच आखूड आहे, राजा. म्हणून आपटतोस. डावा बूट साडेपाच करते."

"मी काय लंगडा वाटलो?"

बाकावर पोस्टमन हॉरिस टिल बसले होते. लहानपणी पोलिओ झालेला. त्यांनी आपला जाड काळा बूट पुढे केला. "बावीस वर्षं कुत्र्यांपुढे पळतोय, एकदा पडलो नाही. बाईंचं ऐक, लाली-पावडर."

शुक्रवारी क्लाइव्ह बूट घेऊन गेला, तोंड वाकडं करून. शनिवारी मावशी मला घेऊन क्लबात पहिल्या रांगेत बसली. पहिल्याच गाण्याला क्लाइव्ह डुगडुगला, माइकचा दांडा धरून कसाबसा सावरला. ड्रमर गालात हसत होता.

मावशीचं लक्ष बुटांच्या तळांवर. "उजव्याला अर्ध्या इंचाची फळी ठोकलीय मेल्याने."

मध्यंतरात ती सरळ स्टेजमागे गेली. "बस खाली. पाय वर."

"बाई, दोन्ही सारखे दिसायला हवेत ना."

"सारखे बूट घालून आडवा पडलेला कसा दिसशील?" पर्समधून पक्कड काढून तिने फळी उचकटली.

उरलेला तासभर तो नाचला, त्याने लाथा झाडल्या, एकदा चक्क ड्रमवर चढून उतरला. ड्रमर ड्रमच वाजवत राहिला, थोबाड पाडून.

सोमवारी हॉरिस टिल यांनी बूट काउंटरवर ठेवला. "याला चंदेरी कातडं चढेल का हो, बाई?"

"पोस्टात चालेल?"

"पोस्टाचं जाऊ द्या. कुत्र्यांना नवीन काहीतरी बघू दे."

मावशीने चंदेरी कातड्याची गुंडाळी खाली काढली.