चौथ्यांदा परत आलेली गाडी

राखाडी गाडी गॅरेजच्या फाटकातून आत वळली आणि ते बघून मिस्त्रींच्या मुलीनं हातातला पाना बाकावर आपटला.

"अगं, पान्यानं काय घोडं मारलंय?" तिचे वडील खुर्चीतूनच म्हणाले.

"आली परत."

"कोण?"

"कोण काय, कोण! तुम्हाला दिसत नाही?"

गाडी दारात थांबली. थांबतानाच पुढच्या चाकाकडून आवाज आला. टक्. एकच, स्वच्छ, दात वाजल्यासारखा. आतून ताई उतरल्या. घरोघरी जाऊन आजारी माणसांचं रक्त तपासणीसाठी घेऊन यायचं त्यांचं काम. सकाळी उजाडायच्या सुमाराला त्या निघायच्या आणि उपाशीपोटी वाट बघत बसलेल्या म्हाताऱ्यांच्या दारात वेळेवर हजर व्हायच्या. गाडी बंद म्हणजे काम बंद.

"ऐकलंस ना?" ताईंनी विचारलं.

"ऐकलं."

"मग बरं झालं. मागच्या वेळी तुझ्यासमोर वाजलाच नव्हता. मला वाटायला लागलं होतं, आवाज गाडीत नाही, माझ्या डोक्यात आहे."

ती कसनुशी हसली. गल्लीत तिला सगळे मिस्त्रीणबाई म्हणत. निम्मे कौतुकानं, निम्मे गंमत म्हणून. डिप्लोमा करून ती वडिलांच्या गॅरेजात उभी राहिली, तरी येणारा माणूस तिच्या खांद्यावरून मागे बघायचा आणि विचारायचा, "मिस्त्री आहेत का?" ताई पहिल्या अशा निघाल्या, ज्यांनी वडील समोर बसलेले असताना सांगितलं होतं, "मुलीलाच करू दे." पुढचे ब्रेक किंचाळत होते, गाडी खड्ड्यात आपटत होती. तिनं ब्रेक पॅड आणि डिस्क बदलल्या, धक्के झेलणारे शॉकअप बदलले, चाकाला गाडीशी जोडून ठेवणाऱ्या खालच्या आर्मचे रबरी बुश नवे घातले. काम देखणं झालं होतं. किंचाळणं थांबलं, आपटणं थांबलं, आणि हे नवीन भूत मागे लागलं. ब्रेक लावला की टक्, गतिरोधकावरून हळू गेलं की कुर्रर्र.

एकदा तिनं ब्रेक परत उघडून सगळं साफ करून, ग्रीस लावून बसवलं. नंतर चाकाजवळचे लिंक रॉड बदलले. मग शॉकअपच्या वरची माउंटिंग बदलली. दर वेळी गाडी छान शांत जायची आणि थोड्या दिवसांनी तोंड वर करून परत यायची.

"हे बघ," ताई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज चिडका नव्हता हेच जास्त टोचलं. "तुझ्यावर माझा राग नाही. पण मला आता ब्रेक दाबायची भीती वाटते. मी लांबूनच दाबत येते, मागचे हॉर्न मारून जीव खातात. संध्याकाळी येते. आज झालं तर झालं. नाहीतर उद्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला टाकते."

त्या रिक्षानं गेल्या. वडील खुर्चीत सावरून बसले.

"पॅड बदल."

"बाबा, पॅड नवे आहेत."

"नव्यातच खोट असते हल्ली. तो पार्टवाला कुठून माल आणतो देव जाणे. बुश तर वर्षभरसुद्धा टिकत नाहीत त्याचे. आमच्या वेळी..."

"तुमच्या वेळी रबर झाडावरून थेट गाडीत यायचं, माहीत आहे मला."

"बोल, बोल. तोंड चालव. हात चालला असता तर गाडी परत आली नसती."

ते तिला लागलं, कारण खरं होतं.

तिनं गाडी लिफ्टवर चढवली. चाकं हलवली, घट्ट. पहार घालून आर्म दाबला, घट्ट. एकेक बोल्ट पान्यानं तपासला, सगळे घट्ट. लिफ्टवर चढली की ही गाडी पाहुण्यांसमोरच्या मुलासारखी शहाणी व्हायची. तिनं खाली आणली, गल्लीतून एक फेरी मारली. टक्. परत वर. गप्प. परत खाली. टक्. दुपारपर्यंत तिचे केस घामानं कपाळाला चिकटले होते आणि आईनं पाठवलेला डबा न उघडता तसाच होता. एकदा तर तिनं चाकाला लाथ घातली. वडिलांनी पाहिलं आणि नजर वळवली.

मग तिच्या डोक्यात आलं, आवाज येतो तो गाडी जमिनीवर असताना, आणि आपण शोधतोय तो हवेत.

"बाबा, उठा. बॉनेटवर जोर देऊन गाडी झुलवा."

"मी?"

"नाही, शेजारचे येतील!"

ती पुठ्ठा टाकून गाडीखाली शिरली, पालथा हात आर्मवर ठेवला. वडील गाडी दाबून सोडायला लागले. दाब, सोड. दाब, सोड. आणि आर्मच्या मागच्या टोकाला, बुशपाशी, कुणीतरी आतून टिचकी मारावी तसं तिच्या बोटांना लागलं.

"सापडला! बुशमध्ये आहे."

"मी काय म्हणत होतो? माल खराब."

ती बाहेर सरपटत आली. बुश नवा, बोल्ट घट्ट, तरी आतून टिचकी. तिनं गाडी पुन्हा वर घेतली आणि खडूनं एक सरळ रेघ ओढली, आर्मवरून रबरावर, रबरावरून बुशच्या मधल्या लोखंडी नळीवर. आता गाडी चाकांवर उभी असताना ही रेघ बघायची होती. पण जमिनीवर उभ्या गाडीखाली डोकंसुद्धा नीट वळत नव्हतं.

गॅरेजच्या कोपऱ्यात जुना खड्डा होता. लिफ्ट यायच्या आधी वडील त्यात उतरून काम करायचे, गाडी वर खड्ड्याच्या दोन्ही काठांवर चाकं टेकून उभी. आता त्यात फाटके टायर, फुटके बंपर, कुणाकुणाचे विसरलेले सायलेन्सर होते. ती एकेक बाहेर फेकायला लागली.

"हे काय नवीन?"

"खड्डा पाहिजे."

"एवढी लिफ्ट घेतली ती काय वाळत घालायला?"

ती टायर ओढत राहिली. थोड्या वेळानं वडीलही दुसरं टोक धरायला लागले.

गाडी खड्ड्यावर आणून ती खाली उतरली, टॉर्च मारला. रेघ मोडली होती. आर्मवरचा तुकडा एकीकडे, नळीवरचा दुसरीकडे, आणि मधलं रबर ओला टॉवेल पिळावा तसं पिळलेलं. आता तिला कळलं.

गाडी हवेत असताना चाकं लोंबतात, आर्म खाली झुकलेला असतो. तेव्हा नळीतून जाणारा बोल्ट करकचून आवळला की रबर त्याच झुकलेल्या स्थितीत पकडलं जातं. गाडी खाली आली की आर्म सरळ होतो आणि रबर बिचारं कायमचं पिळात. ब्रेक लावला, की सुटायची धडपड करतं, नळी जराशी घसरते. टक्.

आणि हवेत आवळायचं तिला शिकवलं होतं वडिलांनी. लिफ्ट नवीन होती तेव्हा त्यांनी एक गाडी बोल्ट नुसता हातानं फिरवून खाली घेतली, खाली आल्यावर आवळू म्हणून. मध्येच फोन आला. गिऱ्हाईक गाडी घेऊन निघालं आणि फाटकातच चाक आडवं होऊन गाडी गुडघ्यावर बसली. कुणाला लागलं नाही, पण वडील पुढे कित्येक दिवस नीट जेवले नव्हते. तेव्हापासून एकच नियम. गाडी खाली यायच्या आधी एकही नट ढिला नको. तिनं तो नियम कधीच मोडला नव्हता.

"बाबा, मी इथंच बोल्ट ढिले करतेय. गाडी अशीच उभी असताना."

"अजिबात नाही! वजन आहे तिच्यावर. वर ये आधी."

"वजन असतानाच करायचं असतं हे. खड्ड्यात काम करायचात तेव्हा तुम्ही काय करत होतात? गाडी आपल्या चाकांवरच उभी असायची ना? तेव्हा बुश टिकायचे. लिफ्ट आल्यापासून टिकत नाहीत."

वडिलांनी एकदा लिफ्टकडे पाहिलं.

"चाकांना दगड लावतो," शेवटी ते म्हणाले. "चारही. आणि तू डोकं बाजूला ठेव."

"आणि मग आत बसा. सीटवर माणूस असलेला बरा."

ते कुरकुरत आत बसले. तिनं पान्याला पाइप लावून जोर दिला. बोल्ट सुटला, आणि सगळ्या गाडीतून एक हादरा गेला.

"अरे!" वरून आवाज आला. "काय तुटलं?"

"तुटलं नाही. सुटलं."

तिनं दुसरा सोडला. पुन्हा तसाच हादरा. मग दोन्ही बाजूंचे बोल्ट तिथेच, त्याच स्थितीत आवळले. वडील उतरून, गुडघे धरत, खड्ड्यात आले आणि तिच्या हातातून पाना घेऊन प्रत्येक बोल्ट पुन्हा तपासला. ती त्यांच्यासाठी टॉर्च धरून उभी राहिली.

गल्लीतल्या सगळ्या गतिरोधकांवरून तिनं गाडी नेली. काहीही वाजलं नाही. तिला आनंद व्हायला हवा होता. पण तिला फक्त राग येत होता, नक्की कुणाचा हे न कळणारा. लिफ्टवरून कितीतरी गाड्या अशाच खाली उतरल्या होत्या.

संध्याकाळी ताई आल्या, स्वतः चक्कर मारून आल्या.

"गेला! काय होतं गं?"

"बुशचा माल जरा..." वडिलांनी नेहमीसारखी सुरुवात केली.

"माल चांगला होता," ती मध्येच म्हणाली. तिचे कान तापले. "आमचं चुकलं, ताई. बोल्ट गाडी जमिनीवर असताना आवळायचे होते, आम्ही हवेत आवळले. पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं."

वडील खाली बघत हाताला नसलेलं ग्रीस पुसत राहिले. ताईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे.

"म्हणजे मला इतके दिवस तुम्हीच घाबरवलंत."

"हो."

"सर्व्हिस सेंटरवाल्यांनी हे कधी कबूल केलं नसतं." त्या गाडीत बसल्या, काच खाली केली. "मागच्या चाकांचं पुढच्या महिन्यात करायचंय. पण त्या वेळी मी इथं उभी राहून बघणार आहे. सगळं."

"बघा की," ती म्हणाली.

"आणि चुकलं तर तेव्हाच सांगायचं. चौथ्या फेरीला नाही."

गाडी फाटकाबाहेर गेली. वडील खड्ड्याच्या काठावर येऊन उभे राहिले.

"ते टायर आता परत आत टाकायचे नाहीत," ते म्हणाले, आणि एक उचलून रस्त्याकडे ढकलत निघाले.