त्या सुरवंटाला हात लावायचा नाही, औषधही मारायचं नाही

मंडळी, आज सकाळी बोईसरमधल्या आमच्या सोसायटीत एका सुरवंटावरून माझं भांडण झालं, आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाहीये.

बदामाच्या झाडावर केसाळ सुरवंट दिसला. लाल डोकं, पाठीवर टूथब्रशसारखे पांढरे झुपके. सेक्रेटरीकाका लगेच फवारणीचा पंप घेऊन खाली आले. "वहिनी, बाजूला व्हा. विषारी असणार."

"असणार म्हणजे? आधी नाव तरी कळू दे!" मी झाडापुढून हललेच नाही.

तिथूनच कीटकांच्या एका ग्रुपवर फोटो टाकला. उत्तर आलं, टसॉक पतंगाचा सुरवंट. केस लागले तर खाज सुटते, हात लावू नका. मी झाडावर तशी पाटी लावली. काका पंप उचलून पुटपुटत गेले, "उद्या पोरांना काही झालं तर?"

काका, पोरांची काळजी मलाही आहे, म्हणूनच विचारते. वारा फिरला की जवळच्या रासायनिक कंपन्यांकडचा तो उग्र वास घरात शिरतो आणि आपण सगळे गुपचूप खिडक्या लावून घेतो.

सुरवंटाचं नाव सकाळच्या सकाळी कळलं. त्या वासाचं नाव इतक्या वर्षांत आपल्यापैकी कुणी विचारलंय का?