बारा तारा आणि काळी चार

गोविंदराव तिसऱ्या गिटारीवर आले, तरी शोभाताई दुकानाच्या दाराजवळ स्टुलावर गप्पच बसून होत्या. नायगावचं हे जोडपं तीस वर्षं भक्तिगीतांचे कार्यक्रम करतंय. हे वाजवतात, त्या गातात. थायरॉइडच्या ऑपरेशननंतर आठ महिने त्या गायल्याच नव्हत्या. आता चार दिवसांवर पहिला कार्यक्रम होता आणि त्याआधी माझ्या स्टुडिओत एक गाणं. लातुरात मी रेकॉर्डिंग करतो, स्टेजचा साउंडही बघतो. म्हणून मला सोबत आणलेलं.

बारा तारांच्या गिटारीत प्रत्येक तारेला जोडीदार असतो. बरेचसे जोडीदार बारीक, वरच्या सप्तकातले. त्यामुळे आवाज भरून येतो. गोविंदरावांना तेच पाहिजे होतं.

"झाकलं पाहिजे, सर," ते माझ्या कानाशी म्हणाले. "ती कुठं अडकली तर लोकाला कळायचं न्हाई."

दुसरी, मोठ्या पोटाची गिटार त्यांना लई आवडली होती. मी ती ॲम्प्लिफायरला जोडली, तर घुमायला लागली. स्पीकरचा आवाज परत गिटारीत शिरतो, त्याला फीडबॅक म्हणतात. स्टेजवर ती कामाची नव्हती. मग ही तिसरी, पातळ पोटाची घेतली. ती घुमली नाही आणि माईकपुढेही स्वच्छ वाजली. दुकानदार खोकं काढायला उठला.

"थांबा," मी म्हणालो. "आधी ताईंना गाऊ द्या."

शोभाताईंची पट्टी काळी चार. पेटीवरची चौथी काळी हा त्यांचा सा. गावोगाव त्यांना त्यावरूनच ओळखतात. त्या उभ्या राहून गायला लागल्या आणि वरच्या सा ला आवाज फाटला. गोविंदरावांनी घाईनं जोरात वाजवलं. बारीक तारांनी ताईंचा उरलासुरला आवाजही खाल्ला.

"चला घरी," त्या म्हणाल्या आणि परत स्टुलावर बसल्या. मला फार वाईट वाटलं.

मी गिटार मांडीवर घेतली आणि बाराही तारा, मधली पांढरी धरून, दोन पट्ट्या उतरवल्या. याला वेळ लागतो. बारा तारांचा ताण मोठा, गिटारीचं लाकूड उचललं जातं, म्हणून बरेच वादक ती उतरवूनच लावतात. गोविंदरावांची बोटं नेहमीच्याच जागी पडणार होती, फक्त स्वर खाली येणार होता.

गोविंदरावांनी ती हातात घेऊन एकदाच छेडली.

"ही तर काळी तीन," ताई म्हणाल्या.

"हाव. गिटारीला वरचं झेपत न्हाई," गोविंदराव म्हणाले.

"गिटारीला?" त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, मला झेपत न्हाई. तसं म्हणा की."

गोविंदरावांनी मान खाली घातली. म्हणाले, "हाव. तुला झेपत न्हाई. पण गा."

त्या गायल्या. वरचा सा बारीक लागला, हलला, पण टिकला. गोविंदराव हलक्या हातानं वाजवत राहिले. डोळे पुसायला त्यांचे हात मोकळे नव्हते.

तीच गिटार घेतली. कार्यक्रमात पहिल्या गाण्याआधी ताईंनी माईकवर स्वतःच सांगितलं, "आता मी काळी तीनमध्ये गाते." लोक शांतपणे ऐकत बसले. मी गिटारीचा आवाज कमी करायला हात पुढे नेला. ती आधीच हळू वाजत होती.

गाणाऱ्याच्या साथीला गिटार घ्यायची, तर पहिल्या गिटारीलाच त्याला गायला सांगावं. इतकी वर्षं हे काम करून मला ते तिसऱ्या गिटारीला आठवलं.